आडव्या गाड्यांचे पारखी

आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी आयुष्यात जितक्या मोटारसायकली पाहिल्या तितक्या या वसई-विरार पट्ट्यात क्वचितच कुणी पाहिल्या असतील; पण त्यांतली एकही त्यांनी चाकांवर उभी असताना पाहिली नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. अपघातात सापडलेल्या वाहनांची पाहणी करून विम्यासाठी नुकसानीचा अहवाल लिहायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा व्यवसाय. त्यामुळे गाडी ही वस्तू त्यांच्या लेखी नेहमी आडवीच असे: कधी नाल्यात, कधी कुणाच्या कुंपणावर, कधी केळीच्या बागेत आणि एकदा तर, त्यांच्याच सांगण्यानुसार, साखरपुड्याच्या मांडवात, केटररच्या भांड्यांमध्ये. निवृत्तीनंतर गाड्या संपल्या, नजर तेवढी उरली. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे असे पाहत, की धडधाकट माणसालाही आपला एखादा अवयव उसना असल्यासारखे वाटावे. समोरच्या इमारतीतला नवरदेव फेटा बांधून घोड्यावर चढला, सनईचे सूर हवेत तरंगू लागले, अत्तराचा आणि झेंडूचा दरवळ रस्ताभर पसरला, तेव्हा साऱ्या गर्दीत एकट्या काकांनी डोळे बारीक केले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "उंची साडेचार फूट, खाली डांबर, डोक्याला फक्त फेटा." मग एक सुस्कारा सोडून त्यांनी अक्षता टाकल्या. नवरदेव सुखरूप उतरला. काकांच्या चेहऱ्यावर त्याबद्दल समाधान दिसले नाही. हाती घेतलेले काम रद्द व्हावे तशी एक पोकळी दिसली.

अशा माणसाला गाडी निवडण्याबाबत सल्ला विचारणे म्हणजे स्वयंपाकाची चव वैद्याला विचारण्यासारखे होते. आणि तरीही मला तो विचारावा लागला. गिरीजच्या पलीकडच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर कविता शिकवत होते. पहिला तास सकाळी सातचा. घरून रिक्षाने स्टेशन, मग पूल ओलांडून पश्चिमेला, आणि तिथून पुन्हा शेअर रिक्षा. ती चार प्रवासी भरल्याखेरीज हलत नसे आणि सकाळी साडेसहाला चार प्रवासी मिळणे हा योगायोगाचा भाग असे. पहिल्या सत्रात मी इतक्यांदा उशिरा पोचले, की प्राचार्यबाईंनी मला बोलावून, आवाज न चढवता, सांगितले, "दिवाळीनंतर सातचा तास सातला झाला नाही, तर तो मी दुसऱ्या कुणाला तरी देईन. मला वाईट वाटेल, पण देईन." तो एक तास गेला की उरलेले दोन टिकणार नव्हते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. वाहन चालवण्याचा परवाना माझ्याकडे होता, मामेभावाच्या गाडीवर मैदानात घोटवलेला हात होता. आईची अट मात्र एकच होती. "खालच्या भाऊंना दाखवल्याशिवाय गाडी घरात यायची नाही. त्यांनी इतक्या मोडलेल्या पाहिल्यात, न मोडणारी त्यांनाच कळेल." या तर्कातला दोष मला लगेच दिसला, पण आईला दाखवता आला नाही.

मी मनाने गाडी आधीच निवडली होती. पिकल्या जांभळाच्या सालीसारखा तिचा रंग होता. दुकानाच्या काचेतून येणारे ऊन टाकीवर पडले की त्या काळोखात एक निळी रेघ उमटे. काकांनी तिच्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, "रंग पहिल्या पडण्यातच जातो. पुढे." मग विक्रेत्याकडे वळून, चहा मागावा इतक्या सहजपणे, म्हणाले, "ही आडवी करून दाखवा."

विक्रेत्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "काका, स्टार्ट करून दाखवू ना. टेस्ट राईड घ्या, मॅडमना एक राऊंड मारू दे."

"चालते कशी ते सगळ्यांच्याच चालतात. पडते कशी ते दाखवा."

"काका, नवीन गाडी कोण झोपवतं? मालक मला झोपवेल."

शेवटी त्याने बिचाऱ्याने मागच्या अंगणातून स्वतःची जुनी गाडी आणली, तीच बनावट, तेच वजन, आणि आम्ही तिला पोत्यावर अलगद निजवले. काका तिच्याभोवती उकिडवे बसून फिरले. कोणता भाग आधी टेकतो, पाय कुठे अडकेल, ब्रेकचा दांडा वाकेल की तुटेल, हे त्यांनी इतक्या प्रेमाने न्याहाळले, की माझ्या जांभळ्या गाडीकडे त्यांनी तसे एकदा पाहिले असते तर मी त्यांना सगळे माफ केले असते. मग ते माझ्याकडे वळले. "उचल आता, प्राध्यापकबाई. एकटीने. जी उचलता येत नाही ती आपली नाही." त्या आठवड्यात तीन दुकानांत मी सात गाड्या उचलल्या. विकत घेण्याआधी गाडीशी कुस्ती खेळणारी बाई म्हणून वसईतल्या विक्रेत्यांमध्ये माझी जी कीर्ती झाली ती अजून पुरती पुसली गेलेली नाही. सव्वाशे सीसीची जांभळी गाडी मला गुडघ्यापर्यंतच उचलता आली. शंभर सीसीची, करड्या रंगाची, दिसायला थेट पोस्टाच्या पेटीच्या मावशीसारखी एक गाडी मात्र पहिल्याच झटक्यात उभी राहिली. काका म्हणाले, "ही." आणि माझ्या डोळ्यांतली निळी रेघ तिथेच विझली.

हेल्मेटच्या दुकानात तर त्यांनी मला लहान मुलीसारखे स्टुलावर बसवले. पूर्ण चेहरा झाकणारे, प्रमाणित शिक्का असलेले एकेक हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवून ते दोन्ही हातांनी हलवत आणि कपाळाची कातडी त्यासोबत हलते की नाही, हे वाकून पाहत. आत नव्या फोमचा आणि रबराचा कोंदट वास, बाहेर काकांच्या बामचा. स्वतःच्या श्वासाचा आवाज शंखातल्या समुद्रासारखा कानांत घुमत होता. "घट्ट होतंय," मी आतून म्हणाले. "गालांना टोचतंय." "टोचू दे. सैल हेल्मेट म्हणजे टोपी. टोपी घालायची तर चालत जा." हातमोजे, घोटा झाकणारे बूट, कोपरांत कडक पट्ट्या असलेले जॅकेट. माझ्या ओढण्यांकडे त्यांनी बोट दाखवून फक्त "साखळी" एवढा एक शब्द उच्चारला आणि मी त्या सगळ्या कपाटात मागे सारल्या. घरी आल्यावर नवे हेल्मेट "डोक्याला ओळख पटावी" म्हणून मी रोज तासभर घालून बसावे, असाही आदेश होता. मी ते घालून वह्या तपासल्या. आईने आमटीत मीठ आहे का विचारले ते मला ऐकू आले नाही आणि आमटी दोन दिवस अळणी झाली.

दसऱ्याला गाडी आली. फाटकापाशी झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, करड्या टाकीवर आईने ओल्या कुंकवाने काढलेले स्वस्तिक. खरे सांगायचे तर त्या दिवशी ती पोस्टाची मावशीही जरा नटलेली दिसत होती. काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि आपट्याच्या पानांसोबत त्यांनी एक लांबट पाकीट सीटवर ठेवले. आईला वाटले, भेट असेल. तिने उत्सुकतेने उघडले. आत विम्याच्या भरपाईचा अर्ज होता, काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात वरपासून खालपर्यंत भरलेला. चालकाचे नाव माझे. अपघाताचे कारण: ओलसर वळण, वेग अल्प. इजा: डावा गुडघा, किरकोळ. तारखेची जागा तेवढी कोरी.

आईचा हात ताम्हनावरच थांबला. "भाऊ, हे काय?"

"अर्ज आहे, वहिनी. ऐन वेळी कुणाला काही सुचत नाही. लोक मोडक्या हाताने लिहितात, अक्षर लागत नाही, महिनोन् महिने अडतं. मी आधीच सुवाच्य लिहून ठेवला."

"आणि ही मोकळी जागा?"

"तारीख. ती आपल्या हातात नसते."

आईच्या मुद्रेकडे पाहून त्यांना कुठेतरी चुकल्याची जाणीव झाली असावी, कारण ते घाईने म्हणाले, "किरकोळच लिहिलंय हो. सगळ्यांत हलकं तेच होतं माझ्याकडे."

आईने निरांजन न ओवाळताच ताम्हन उचलले, गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतली आणि देव्हाऱ्यातल्या देवामागे ठेवली. अर्ज तिने तुळशीपाशी जाळला. करडी गाडी इमारतीखाली कापडाच्या बुरख्यात उभी राहिली आणि दिवाळीची सुट्टी एकेक दिवसाने संपत गेली. मी विनवले, रुसले, प्राचार्यबाईंचे शब्द पुन्हा पुन्हा सांगितले. आई करंज्यांच्या कडा मुरडत राहिली. तेव्हा माझ्या मनात काकांविषयी जे येत होते ते लिहिण्याइतकी माझी भाषा अजून घसरलेली नाही. ज्याने उभे आयुष्य परक्यांच्या मोडतोडीचा हिशेब मांडला, त्याने माझी एक नोकरी, अजून न मोडलेली, हातोडी न वापरता मोडून दाखवली होती. आणि या नुकसानीसाठी कोणत्याही कंपनीकडे अर्ज नव्हता.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी ते जिना चढून वर आले. पायांतल्या चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवल्या. "वहिनी, गाडी चांगली आहे. मी पारखलीय. पोरीला जाऊ द्या."

आई कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. "चांगली आहे ना? मग उद्या तुम्ही बसा तिच्या मागे."

काकांनी दाराबाहेरच्या चपलांकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "मी आजवर कधी बसलेलो नाही."

"मोटारसायकलवर?"

"रिक्षानेच जायचो. सगळीकडे."

"मग राहू दे."

"नाही," ते म्हणाले. "बसतो."

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते खाली हजर होते. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना पट्ट्या, अंगात चकाकणारे केशरी जाकीट. रस्तादुरुस्तीचे काम अंगावर घेऊन निघाल्यासारखे दिसत होते. माझ्या खांद्याला धरणे त्यांना प्रशस्त वाटेना. मागचा दांडा त्यांनी असा पकडला, की गाडी उडाली तरी ते दांड्यासकट जमिनीवर राहतील. आई गॅलरीत पदर तोंडाशी धरून उभी होती. उड्डाणपूल चढताच माझ्या हेल्मेटवर टकटक झाली. "हळू. या उतारावर एक. डावा हात." पुढच्या चौकात पुन्हा टकटक. "इथे दोघे. दूधवाला आणि एक शिक्षक. शिक्षकाची चूक." पेट्रोल पंपापाशी, "खुबा." शाळेच्या भिंतीपाशी, "गाडी पूर्ण गेली, माणूस वाचला, बायको सोडून गेली. ते वेगळ्या कारणाने." ज्या रस्त्यांना मी झाडांवरून, देवळांवरून, बेकरीच्या वासावरून ओळखत होते ते त्यांच्या तोंडून हाडांच्या नावांनी येत होते. मी दात आवळून चालवत राहिले आणि प्रत्येक वळणावर वेग कमी करत राहिले, त्यांच्या सांगण्याने नव्हे, रागाने हात सुटू नये म्हणून.

मग गिरीजच्या वाड्या सुरू झाल्या. रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी केळीची ओली पाने जवळ आली, दव त्यांच्या कडांवरून थेंबाथेंबाने सुटत होते. कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता आणि भिजलेल्या मातीचा गारवा पोटरीला लागत होता. चर्चमध्ये सकाळच्या मिस्साची घंटा वाजली. वळणे एकामागून एक गेली आणि टकटक झाली नाही. काका मागे आहेत की कुठे सांडले, या भीतीने मी आरशात पाहिले. त्यांनी हेल्मेटची काच वर केली होती. चेहरा थोडा उचललेला होता आणि डोळे मिटलेले होते.

सातला आठ मिनिटे असताना आम्ही महाविद्यालयाच्या फाटकात पोचलो. ते उतरले आणि गाडीला टेकून उभे राहिले. मी जरा कुत्सितपणेच विचारले, "वाड्यांत कुणीच पडलं नव्हतं वाटतं?"

"पडला होता ना. दोन वळणांपूर्वी. फार वाईट पडला." मग हातमोजे काढत म्हणाले, "तिथे वास कसला येत होता गं?"

"सोनचाफ्याचा. वाड्या आहेत ना."

"तिथे मी एकदा चार तास उभा होतो," ते म्हणाले. "पेट्रोलचाच वास होता."

मला वर्गावर जायचे होते. सातचा तास सातला झाला आणि तेव्हापासून रोज होत आला आहे. संध्याकाळी काकांनी आईला आपला अहवाल दिला, "चालवते. वळणावर सांभाळते," आणि किल्ली पुन्हा देवामागे गेली नाही.

पुढच्या वर्षी ते मुलीकडे कोल्हापूरला राहायला गेले. जाण्याआधी दोन-तीनदा, सकाळी सव्वासहाला मी खाली उतरले तेव्हा, ते फाटकाशी उभे होते. खुर्ची नव्हती, हातात हेल्मेट होते. "जरा हवा लागू देतोय याला," ते म्हणायचे, "आतून कुबट होतं." किती विचित्र माणूस आहे, असे मनाशी म्हणत मी मान हलवायची आणि गाडी सुरू करायची. मागची सीट रिकामी असायची. पण मला सातचा तास असायचा.