एका तंबूतल्या दोघी

कोयनेच्या खोऱ्यात भूकंप झाला त्या थंडीत माझे यजमान पडलेली घरं उभी करायला गेले. ते वाईतले सुतार. कामावरच्या माणसांच्या भाकऱ्या थापायला मीही सोबत गेले. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गाव. दगडमातीचं एकही घर धड राहिलं नव्हतं. लोक शेतात तंबू टाकून राहत होते.

आमच्या चुलीला लागून असलेल्या तंबूत एक म्हातारी होती. मराठ्याघरची, एकुलता मुलगा भिंतीखाली गेलेला. तिच्यासोबत ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली एक तरुण बाई. तिचा नवरा गेला होता, पदरात तान्हं पोर. मदतीच्या ट्रकमधून आलेले तंबू कमी पडले, म्हणून दोघींना एकत्र घातलं होतं. सुरुवातीला म्हातारी तोंड फिरवून बसायची. मग एकदा जमीन पुन्हा हादरली आणि तिनं ते पोर पोटाशी ओढलं. तिथून पोर तिचंच झालं. तेल चोळायची, न्हाऊ घालायची, आई सरपणाला गेली की मांडीवर घेऊन बसायची. पुढं पुढं दोघी एका ताटात जेवू लागल्या.

पावसाच्या आत घरं व्हायला हवी होती. जागेवर फक्की टाकून आखणी सुरू झाली, तेव्हा म्हातारी यजमानांना म्हणाली, "आवं मिस्त्री, हिचं घर माज्या घराला लागून बांदा. येकटीला भ्या वाटतंय मला."

गावातले एक जाणते गृहस्थ तिथंच उभे होते. अगदी समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "आत्ती, तंबूतलं तंबूत ऱ्हाऊ द्या. हिची मानसं वड्यापल्याड हायती."

तरुण बाईनं पोर उचलून कडेवर घेतलं. म्हातारी माझ्याकडं बघत होती, मी यजमानांकडं. ते दोरी गुंडाळत राहिले. बाहेरगावच्या सुताराचं कोण ऐकणार, असं मागाहून म्हणाले. खरंही असेल. पण मला ते आजही लागून राहिलंय.

घरं चांगली झाली. हलक्या भिंती, वर पत्रे.

पुढच्या हिवाळ्यात दारं दुरुस्त करायला आम्ही परत गेलो. म्हातारी उंबऱ्यात एकटीच बसली होती. समोर ओढा दिसत होता, घोटाभरही पाणी नव्हतं त्याला.

"घर कसं काय?" मी विचारलं.

"झ्याक हाय. पावसात पत्रा लय वाजतो."

मग मी पोराचं विचारलं.

"चालाय लागलंय म्हनं," ती म्हणाली.