गोगलगायीचं वजन

माझी मुलगी पहिलं पाऊल टाकायचा विचार करत होती तेव्हा तिच्या वयाची शेजारची मुलं जिने चढत होती. बोलायलाही उशीरच लागला, आणि पहिलं वाक्य बोलली ते "थांब ना." एक वाटी भात संपवायला तिला तासभर लागायचा. सकाळी शाळेची बस खाली हॉर्न वाजवतेय, मी एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात तिचा एक मोजा घेऊन जिन्यात उभी, आणि बाईसाहेब आरशासमोर शर्टाची बटणं लावताहेत, एकेका बटणाची नीट ओळख करून घेत असल्यासारखं. गोगलगाय हे नाव मीच पाडलं. पुढे त्याचं गोगल झालं आणि तेच चिकटलं.

ही गोगल आता पंधरा वर्षांची आहे आणि मोटरसायकलच्या शर्यतीत उतरते.

मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासते. अर्थशास्त्राची पदवी घेताना वाटलं होतं की पुढे देशाच्या तिजोरीबद्दल दोन शब्द ऐकवीन; नशिबात वाहनांचा विभाग होता. माझ्या टेबलावर मोटरसायकल येते ती फोटोतून, आणि कधीच धड नसते. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला रस्ता दिसत नाही, रस्त्यावर काय काय होऊ शकतं तेच दिसतं. गोगल तेरा वर्षांची होईपर्यंत मी तिचा हात धरून रस्ता ओलांडत होते. खरं तर तो रस्ताही नव्हता, आमच्याच इमारतीचं आवार होतं.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दहा मजली पोकळीत पट्ट्याला लटकून काम करणाऱ्या माणसाशी लग्न केलं तेव्हाच माझ्या काळजीची जन्माची सोय झाली होती, पण मला वाटलं एकावर भागेल. एका रविवारी बापलेक भिंतीचा रंग आणायला म्हणून गेले आणि संध्याकाळी हात हलवत परतले.

"रंग कुठाय?" मी विचारलं.

"राहिला. गोगलने गाडी चालवली." हे बूट काढता काढता म्हणाले.

"कसली गाडी?"

"तिकडे मुलांसाठी ट्रॅक केलाय ना, तिथली. लहान असते गं. सायकलपेक्षा जरा मोठी."

"जरा म्हणजे किती?"

"इंजिनाएवढी," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढची दोन वर्षं मी शक्य ते सगळं करून पाहिलं. रागावले, अबोला धरला, ऑफिसातले फोटो जेवणाच्या टेबलावर विसरून ठेवले. गोगलने ते फोटो निवांतपणे पाहिले आणि म्हणाली, "आई, यात एकानेही ग्लव्ह्ज घातलेले नाहीत." मग ट्रॅकवरच्या कोचने तिचं नाव मुलांच्या शर्यतींच्या मालिकेत घातलं, आणि मी हरले.

या मालिकेची गंमत अशी की सगळ्यांच्या गाड्या सारख्या. एकाच कारखान्यात एकाच वेळी बांधलेल्या, इंजिनाला सील ठोकलेलं. प्रत्येक फेरीच्या आधी एका हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याला जी येईल ती गाडी. आपण फक्त ब्रेकचा दांडा बोटांच्या मापाने पुढेमागे करायचा आणि आपला नंबर चिकटवायचा. हे ऐकून माझ्यातली अर्थशास्त्राची पदवीधर सुखावली होती. सगळ्यांकडे अगदी सारखंच असेल तर चढाओढ कशाची? रांगेत जातील, रांगेत येतील.

पहिल्या शर्यतीत ती रांगेतच गेली. फक्त रांग आडवी होती. गाड्या सारख्या असल्या की कुणी कुणाला सहज मागे टाकू शकत नाही, त्यामुळे सगळी मुलं एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखी एकाच वळणात एकदम शिरतात. आवाजही सगळ्यांचा एकच. गर्दीत रडणारं पोर आपलं की दुसऱ्याचं हे आईला ऐकूनच कळतं असं मी आजवर समजत होते. इथे वीस इंजिनं एका सुरात किंचाळत होती आणि त्यातलं माझं कुठलं ते मला कळत नव्हतं. मी आमच्या व्हॅनच्या मागे जाऊन, ट्रॅककडे पाठ करून उभी राहिले. तिथे आणखी एक बाई तशीच उभी होती.

"तुमचा कितवा?" तिने विचारलं.

"मुलगी आहे. सत्तावीस."

"मी तेराची आई," ती म्हणाली आणि थर्मासचं झाकण भरून चहा माझ्या हातात दिला. तिथे आया अशाच ओळखल्या जातात. मीही सत्तावीसची आई झाले. ऑफिसात मॅडम, घरी अगं, आणि तिथे दोन आकडी संख्या.

गोगल त्या दिवशी मधेच कुठेतरी आली. मी कोचला धीर करून विचारलं, "एवढी संथ मुलगी, तिला तुम्ही कशाला घेतलं?"

"संथ आहे म्हणूनच," कोच म्हणाला. "वळण आलं की बाकीची पोरं घाईघाईने ब्रेक मारतात. ही घाईच करत नाही."

म्हणजे पंधरा वर्षं जिचं मी रोज सकाळी डोकं खाल्लं, ती ब्रेक मारायलाही उशीर करते. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

पुढच्या फेरीला मला आशेचा किरण दिसला, वजनाच्या शेडमध्ये. गाडी आणि चालवणारा मिळून ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरू नयेत असा नियम आहे. गोगल काटकुळी, म्हणून वजनवाले काका तिच्या गाडीच्या सीटखाली शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळत होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हलकं पोर जोरात पळेल ना, ताई. मग बाकीच्यांवर अन्याय."

हलकं पोर जोरात पळतं. मग जड पोर हळू पळेल. एवढं सोपं उत्तर इतके दिवस माझ्या स्वयंपाकघरात पडून होतं. नियमाने कमीत कमी वजन ठरवलंय, जास्तीत जास्त नाही. पट्ट्या लावणारे लावोत, वरचा भार मी घालीन.

त्या दिवसापासून मी गोगलला खायला घालायला लागले. सकाळी अंडी, दुपारी डब्यात बटाटे, संध्याकाळी केळी आणि दाणे, रात्री दूध, आणि जे दिसेल त्यावर लोण्याचा गोळा. तिचा खाण्याचा वेग तोच. त्यामुळे न्याहारी संपेपर्यंत जेवण व्हायचं आणि जेवण संपेपर्यंत मी पुढचं मांडायची. ती तक्रार न करता चावत राहायची. कोचने तिला रोज व्यायाम लावला होता, त्यामुळे भूकही लागत असावी. मी मनात म्हणायची, खा बाई, एकेक घास म्हणजे एकेक ब्रेक.

आता यापुढचा भाग एखाद्या शिकल्यासवरल्या बाईने कबूल करावा असा नाही. तिसऱ्या फेरीत गोगल आठवी आली. मी लोणी वाढवलं. चौथ्या फेरीत पाचवी आली. मी हादरले, आणि दुधात केळं कुस्करायला लागले. मी घालत होते, ती पुढे येत होती, आणि मला वाटत होतं माझंच काहीतरी कमी पडतंय. आकड्यांवर पगार घेणाऱ्या बाईला त्या दोन रेघा एकदमच वर चालल्यात हे दिसू नये? नाही दिसलं. वजन वाढलं का एवढंच मी विचारायची, ती हो म्हणायची, आणि मी समाधानाने पुन्हा वाढायची. वजनाच्या शेडकडे मी परत फिरकलेच नाही.

शेवटच्या फेरीला निघालो तेव्हा गुणांत गोगल सातवी होती. पहिल्या सहांना गाड्या बनवणारी कंपनी पुढच्या वर्षी मोठ्या गाड्यांच्या वर्गात घेते. बाकीच्यांत ज्यांना पंधरा पूर्ण झाली त्यांना या मालिकेतही पुन्हा जागा नाही. सहावा होता तेरा नंबरचा मुलगा, अगदी थोड्या गुणांनी पुढे, आणि तोही पंधरा वर्षांचाच.

व्हॅनमध्ये गोगल पुढच्या सीटवर केळं सोलत होती.

"बाबा, आज नाही जमलं तर संपलं ना?"

"संपलं," हे म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पण केळं तिने तसंच हातात धरून ठेवलं, पोहोचेपर्यंत. खाण्याच्या बाबतीत ती हळू असते, सोडून देत कधीच नाही. मी मागच्या सीटवरून ते केळं बघत बसले. माझ्या मनात एकजण म्हणत होती, संपू दे. दुसरी गप्प होती.

तिथे पोहोचल्यावर यांनी मला तिचं जॅकेट घेऊन वजनाच्या शेडमध्ये पिटाळलं. काकांनी गोगलला गाडीवर बसवून काटा पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "हिला आता शिसं लागत नाही. काठावर बसली बरोबर. गेल्या खेपेला शेवटची पट्टी काढली."

"काढली? म्हणजे गाडी हलकी झाली?" माझा आवाज जरा चढलाच.

शेजारी उभा असलेला कोच हसला. "एकूण वजन तेवढंच. पण शिसं सीटखाली गप्प बसून राहतं हो. तेच वजन पोरीच्या मांड्यांत आणि पाठीत आलं की ती ते वळणावर इकडचं तिकडे टाकू शकते. दरवर्षी मी आयांच्या हातापाया पडतो, मुलांना नीट खाऊ घाला म्हणून. मनावर घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मुद्दामच केलंत ना?"

"हो," मी म्हणाले. "मुद्दामच केलं."

बाहेर हे टायरमधली हवा बघत बसले होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लिफ्टमध्ये किती माणसं चढली ते दोराकडे बघून सांगतो मी. ताटात किती वाढलंय ते कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही लोणी मिळत होतं," हे म्हणाले.

या माणसावर आयुष्यात एकदाही धड रागावता आलेलं नाही.

शर्यत सुरू व्हायच्या आधी मी सवयीने व्हॅनच्या मागे गेले. तेराची आई तिथेच होती, थर्मास मांडीवर घेऊन. एकच जागा होती आणि ती तिच्या घरी जाणार किंवा माझ्या. आम्ही हवापाण्याचं बोललो. मग इंजिनं एकदम ओरडली आणि ती म्हणाली, "चला, आज बघू या." आम्ही दोघी जाऊन कुंपणाच्या जाळीला धरून उभ्या राहिलो.

सत्तावीस आणि तेरा बहुतेक वेळ एकामागे एकच होते. माझं पोर रस्त्याला गुडघा टेकवत वळणातून जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती खरंच घाईत नाही. बाकीची मुलं गाडीवर झटापट करत होती. ही सगळं वजन शांतपणे एका बाजूला ओतत होती, मग दुसऱ्या बाजूला. ते वजन मी वाढलेलं होतं. त्यातला बटाटा न् बटाटा माझ्या ओळखीचा होता.

शेवटच्या चकरेत शेवटच्या वळणापाशी तेराने ब्रेक मारला. गोगलने मारला नाही. अजून नाही मारला. आणि मी, दाव्यांच्या विभागातली बाई, जाळी गदागदा हलवत काय ओरडले असेन? "थांब," असं म्हणायला हवं होतं. मी "आत्ता नको" म्हणून ओरडले. मग तिने मारला, तेराच्या आतल्या बाजूने वळली आणि त्याच्या पुढे एक चाक काढून रेषा ओलांडली.

तेवढ्या एका चाकाने ती गुणांत सहावी झाली, आणि तो सातवा.

तेराची आई बराच वेळ जाळीला धरून होती. डोळ्यांना पाणी होतं. "सुटले मी," ती म्हणाली. "आज रात्री नीट झोपेन. पण त्याला काय सांगू?" तिने थर्मास उघडला, पहिला चहा मलाच दिला आणि म्हणाली, "तुम्हाला लागेल." तिच्या जागी आपण असतो तर बरं झालं असतं असं मला वाटायला हवं होतं. मी वाटायची वाट पाहिली. वाटलं नाही.

नंतर कंपनीचा माणूस सहाही घरांना विचारत आला. मूल लहान असल्यामुळे पालकांनी होकार द्यावा लागतो. यांनी तोंड उघडलं, पण गोगल त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कसली तरी घाई झालेली मला दिसली.

"हो," मी म्हणाले. मग त्याला विचारलं, "ती मोठी गाडी किती जोरात जाते?"

त्याने सांगितलं.

मी मागच्या टायरांच्या ढिगावर बसले. गोगल येऊन शेजारी बसली.

"आई, तू हो म्हणालीस."

"ऐकलं मी," मी म्हणाले.