त्याच्या वतीनं दिलेलं उत्तर

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरपन्याजवळच्या आमच्या सिमेंट कंपनीत, कंट्रोल रूममध्ये होतो. त्याच्या धाकट्या भावाला मस्कतहून जेवढं कळलं होतं तेवढंच त्यानं सांगितलं... ड्यूटीवरून आला, खोलीत झोपला, उठलाच नाही. मी ‘बरं’ म्हणालो. फोन ठेवला आणि भट्टीचं तापमान वहीत लिहिलं. दीड महिना झाला, अजून रडू आलेलं नाही. त्याला तिकडेच दफन केलं, इथे खांदा द्यायलाही काही आलं नाही.

आम्ही दोघं एकाच दिवशी कंपनीत लागलो. तो चंद्रपूरच्या घड्याळजीचा मुलगा, त्यामुळे कान तयार. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून तो कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा, आणि ते जायचंच. बंद पडलेली भट्टी सुरू झाली की आम्ही सगळे नाक्यावर तर्री-पोहे खायचो, आणि एकच बिघाड प्रत्येक जण आपल्या परीनं तिखटमीठ लावून सांगायचा. नव्वदीच्या सुरुवातीला तो मस्कतच्या कारखान्यात गेला. इथल्या चौपट पगार. मी जळलो, खोटं कशाला बोलू?

दर दोन वर्षांनी तो सुट्टीवर यायचा. घरात त्याची पाहुण्यासारखी बडदास्त. नवी चादर, आधी त्याचं ताट. पाण्याची मोटार बिघडली तरी त्याला कळू द्यायचे नाहीत, चार दिवस आलाय म्हणून. तो मग माझ्याकडे येऊन बसायचा.

“काम मस्त आहे बे,” शेवटच्या सुट्टीत म्हणाला. “मशीन बिघडते, मी सुधारतो, साहेब थँक्यू म्हणते. मंग खोलीत जातो. सांगू कोनाले?”

“मंग सोड ना!”

“सोडतोच. तुह्या साहेबाले इचारून पाह्य, जागा असन तं.”

असं तो दर खेपेला म्हणायचा. आखातातले सगळेच म्हणतात आणि पुन्हा विमानात बसतात. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

तो परत गेल्यावर तीन महिन्यांनी खरंच जागा निघाली. साहेबांनी आपण होऊन विचारलं, “तुमचे सलीमभाई येतील का?” मी हसलो. “नाई येत साहेब. तिकडचा पगार सोडून कोन येते?” साहेबांनी दुसरा माणूस घेतला. सलीमला मी कळवलंही नाही. उगाच जिवाला घोर नको, असं तेव्हा वाटलं. त्याची मुलगी शिकत होती, तेही कारण मी स्वतःला देऊन पाहिलं.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. भाभीनं कपाटातून स्टीलचा तीन पुडांचा डबा काढला. वरचं लेबलही तसंच होतं.

“मागच्या सुट्टीत यायनंच आनला,” ती म्हणाली. “तुमच्या कंपनीच्या बसमंदी न्याले होईल म्हने. मी म्हटलं, आतापासून काऊन? तं म्हने, अवंदा नक्की.” मग तिनं विचारलं, “भाऊ, तुमच्या इथी जागा नवतीच निंगाली ना?”

मी तोंड उघडलं... आणि पाणी मागितलं.

निघताना तिनं डबा माझ्या हातात दिला. “तुमी तं रोज जाता त्या बसनं. वापरा.”

आता तो आमच्या ओट्यावर आहे. बायको रोज सकाळी विचारते, यात भरू का? मी म्हणतो, आज नको.