हरणांच्या नावानं पेरलेली मटकी

हिंदुराव पडवळाकडं आता दीड एकर उरलं होतं. बाकीची जमीन कंपनीत गेली. ती काही कुणी हिसकावून घेतली नव्हती, कागदावर सही हिंदुरावानंच केली होती, तीही हसत. चाकणच्या मागं डोंगराच्या पायथ्याला हा उरलेला तुकडा. वरच्या अंगाला जंगलखात्याची हद्द, खालच्या अंगाला कंटेनर पळतात तो डांबरी रस्ता. असल्या तुकड्यावर शहाणा माणूस खोल्या बांधतो. लातूर-नांदेडाकडची पोरं कंपनीत येतात, त्यांना राहायला जागा लागतेच. सगळ्या गावानं बांधल्या. हिंदुरावाच्या थोरल्यानं, नवनाथनंही दहा खोल्यांचा नकाशा काढून आणला होता.

हिंदुराव म्हणाला, यंदा तिथं मटकी करायची. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग म्हणाला, हरणांसाठी. तेव्हा त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली.

वरच्या माळावर चिंकारा हरणं होती, पाच-सहा. हिंदुराव पोरगा असल्यापासून त्यांना बघत आलेला आणि गोफणीनं हाकलतही आलेला. माळावर कंपनी उठली तशी ती रस्ता ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर चरायला जायला लागली. मागल्या साली एक मादी कंटेनरखाली गेली. तिथं पहिला पोचला तो हिंदुराव. घरी आला, हातपाय धुतले आणि न जेवता निजला. त्यावर तो कधी बोलला नाही. पण डोक्यात एक बसलं, अलीकडंच पोटाला मिळालं तर ती पलीकडं कशाला जातील?

नवनाथ नुकताच शिफ्टवरून आला होता. त्यानं बुटाची नाडी अर्धवट सोडून कोपरापासून हात जोडले.

"आबा, लोकं हरणं हाकलायला राखणीला बसत्यात. तुमी आवतान द्यायला निघाला."

"दसऱ्यापतूर बघू," हिंदुराव म्हणाला. "तवर आली न्हाईत तर खुशाल पाया खांद."

ठरलं. हद्दीवरच्या वनरक्षकाला, ज्योतीरामला, त्यानं आधी विचारून घेतलं. तो म्हणाला, तुमच्या रानात तुम्ही काय हवं ते पेरा. फक्त मिठाचे खडे ठेवू नका, हातानं काही घालू नका. माणसाची सवय लागली की जनावर फुकट जातं.

मृगात पेरणी झाली. मटकी, आणि अधनंमधनं हुलग्याची ओळ. आता, चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला पेरता येतं, पण वाईट पेरता येत नाही. रान असं उगवलं की येणाऱ्या-जाणाऱ्यानं मोटारसायकल थांबवून बघावं. उगवणीला पाखरं लागली, तर हिंदुरावानं सवयीनं जुना सदरा काठीवर चढवून बुजगावणं उभं केलं. ते आठ दिवस तिथं हात पसरून उभं होतं. ज्योतीराम फेरीला आला तेव्हा म्हणाला, "आबा, पाव्हण्यांना बोलावलंय आन दारात कुत्रं बांधलंय व्हय?" हिंदुरावानं खाली मान घालून सदरा काढला. खुरपं मात्र हातचं सुटलं नाही. गवताचं पान दिसलं की तो बसलाच. केना, घोळ, तांदुळजा, सगळं मुळासकट उपटून वरच्या बांधापलीकडं फेकायचा.

श्रावण गेला. गणपती गेले. मटकी फुलावर आली, पण तिच्या शेंड्याला कुणी तोंड लावलं नाही. सकाळी जाऊन बघावं तर ओळी जशाच्या तशा. टपरीवर खंडू चहा ओतता ओतता विचारायचा, "हिंदुराव, पत्रिका पोचल्या न्हवं डोंगराला?" हिंदुराव हसायचा आणि चहा अर्धा टाकून उठायचा. नवनाथनं गवंड्याला आणून जागा दाखवली. रस्त्याकडंला खडीचा एक ढीगही येऊन पडला.

पितृपंधरवड्यात एका दुपारी कौशल्याबाईनं भाकरी वाढली आणि समोर बसली.

"अवं, तुमची हरणं येत्यात."

हिंदुरावाचा घास हातातच राहिला.

"मटकीला न्हाई. तुमी गवात उपटून फेकताय न्हवं बांधापल्याड, त्या ढिगाला येत्यात. म्हशीला घास आणाय गेलते. लेंड्या पडल्यात तितं, केन्याचे शेंडे खुडलेत. तुमचं रान असं झाडूनपुसून ठिवलंय, तितं दडाय जागा कुटं हाय त्यास्नी?"

"कवा बघितलंस?"

"चार दिस झालं."

"आन आज सांगतीस?"

"खोल्या मलाबी हव्यात," कौशल्याबाई म्हणाली, आणि ताक वाढलं.

त्या दिवसापासून हिंदुरावानं खुरपं माळ्यावर टाकलं. ते सोपं नव्हतं. गवत दिवसादिवसाला वर येत होतं आणि बांधावरून बघताना त्याची बोटं आपोआप वळायची. गावात बोलवा झाली की म्हातारा थकला, वावर तणानं खाल्लं. मळ्यातल्या साहेबरावानं तर घरी येऊन तब्येतीची चौकशी केली. हिंदुरावाला आजवर कुणी आळशी म्हणालं नव्हतं. ते त्यानं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं रानाकडं जायचंच बंद केलं. दारात बसून दोऱ्या वळायचा.

दसऱ्याला दिवस उगवायला बापलेक निघाले. नवनाथच्या हातात दोरी आणि चुन्याच्या फक्कीची पिशवी, पाया आखायला. हिंदुराव मागनं. बांधाच्या अलीकडं नवनाथ एकदम थांबला.

मटकी आणि केना गुडघ्याएवढा मातला होता आणि त्यात तीन पाठी तेवढ्या दिसत होत्या, मातीच्याच रंगाच्या. चौथं पाडस. त्याचे नुसते कान. नवनाथचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला, तो हिंदुरावानं धरला. दोघं तसेच उभे राहिले. मग खालच्या रस्त्यावर कंटेनरनं भोंगा दिला. माना वर झाल्या, आणि चारी जनावरं उडाली ती डोंगराकडं. रस्त्याकडं एकानंही पाहिलं नाही.

हिंदुराव कितीतरी वेळ डोंगराकडंच बघत होता.

"जितला की आबा," नवनाथ म्हणाला आणि दोरी गुंडाळायला लागला.

"सोड ती. रस्त्याकडंच्या अंगाला आख. तीन खोल्या बसत्यात. तुझ्या आयच्या नावानं."

"चार बसतील."

"तीन."

"वर माळा काढला तर..."

"तीन, नवनाथ. आन खिडक्या रस्त्याकडं काढ. ह्या बाजूला भिताडच ठिव."

नवनाथनं खुंट्या ठोकल्या. हिंदुरावानं पिशवी घेतली आणि स्वतः फक्की सोडत गेला, खाली बघत, पाऊल मोजत. मधल्या खुंटीपाशी त्याची रानाकडची रेघ हातभर रस्त्याकडं सरकली. नवनाथनं ते पाहिलं, आणि खुंटी उपटून रेघेवर नेऊन ठोकली.