पट्टीनं फाडलेली चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. बारा वर्षं झाली. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. डब्यापासून करते. या सगळ्यात डबा तेवढा बिचारा निर्दोष आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. मारेगावपासून थोडं आत, आमचं गाव. विषय मराठी, पण नवी लागले तेव्हा मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याच गळ्यात पडला. तो कुणालाच नको असतो. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास, पोरांचा जीव घराकडे लागलेला — आणि त्यात देव, धर्म, खरं-खोटं, पाप-पुण्य यावर नववीच्या वर्गाला बोलतं करायचं. पुस्तकात प्रत्येक धड्याखाली तात्पर्य तयार असायचं. पोरं ते पाठ म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. मला तरी त्यात काय शिकवल्यासारखं वाटणार?

म्हणून मी पेटी काढली. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा घरून आणला. झाकणाला फट पाडून हवी होती. तर वर्गातली अफसाना म्हणाली, अब्बू करून देतील. तिच्या वडिलांचं, रशीदभाईंचं, फाट्यावर दुरुस्तीचं दुकान — फवारणीचे पंप, विहिरीवरच्या मोटारी, गाड्या, जे बिघडेल ते. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. छिन्नीनं पाडलेली सरळ फट, आणि तिच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, पोरांची बोटं कापू नयेत म्हणून. तो डबा अजून माझ्याकडे आहे. गंजलाय, पण कडांवरून आजही बोट फिरवलं तर लागत नाही.

नियम एकच होता. मनात येईल तो प्रश्न लिहायचा, नाव घालायचं नाही, आणि पेटीतला प्रश्न कुणाचा हे कुणी विचारायचं नाही. हेडसरांनीसुद्धा नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात वर्गाला सांगितलं होतं. आठवड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न मी व्हरांड्यातल्या सुविचाराच्या फळ्यावर लिहायची, खाली 'पेटीतून' असं. सुविचार वाचायला कोण थांबतं? प्रश्नापाशी मात्र पोरं घोळका करून थांबायला लागली.

पण ते नंतर. पहिल्या शनिवारी पेटीत निघाले गोळीचे दोन कागद आणि 'मॅडम, दिवाळीची सुट्टी कधी' अशी एक चिठ्ठी. दुसऱ्या शनिवारी तर काहीच नाही. मग तिसऱ्या शनिवारी मीच एक प्रश्न लिहून टाकला, जरा पोरांसारखं वाकडंतिकडं अक्षर काढून. देव सगळीकडे आहे तर चपला फक्त देवळाबाहेरच का काढायच्या? वर्ग असा काही भांडला म्हणता — घंटा झाली तरी उठेना. त्यानंतर खऱ्या चिठ्ठ्या पडायला लागल्या. आजी माझ्यासाठी खोटं बोलली तर पाप कुणाला? रोजा धरून दिवसभर चिडचिड केली तर तो मोजतात का? मेलेल्या माणसाचा राग धरावा का? चौदा वर्षांची पोरं, आणि मी घरी जाताना वाटभर त्यांच्याच प्रश्नांशी झुंजत जायची. मला शिकवता येतं असं मला वाटायला लागलं ते त्या पोरांमुळे. हे ऋण मी कधीच नाकारणार नाही.

मग चिठ्ठ्या पडायला लागल्यावर मी माझ्या टाकणं बंद करायला हवं होतं की नाही?

नाही केलं. सवय म्हणा. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू — सोय होती. स्टाफरूममध्ये जे बोलायची माझी हिंमत नव्हती, ते पोराच्या अक्षरात लिहून फळ्यावर लावता येत होतं. प्रश्न विचारल्याचं समाधान मला, आणि नाव कुणाचंच नाही.

त्या वर्षी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाचा मेडिकलला नंबर लागला. साहेबांनी नवस बोलला होता. तो फेडायला भंडारा ठेवला, तो शाळेच्या मैदानावर. दोन दिवस तास नाहीत. माझ्या नववीची पोरं पंगतीत वाढायला — पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. शेवटी साहेबांनी माइक हातात घेतला आणि हसत हसत म्हणाले, मी देवाले साफ सांगितलं, आधी माझं काम कर, मंग तुझं पाहतो. सगळे हसले. मीही हसले, पहिल्या रांगेत बसून, चांगली दात दाखवून.

आणि घरी जाऊन चिठ्ठी लिहिली. 'आधी माझं काम कर, मग तुझं पाहतो, असं देवाला म्हणणं ही श्रद्धा की सौदा?' शनिवारी ती पेटीतून 'निघाली', वर्गात तासभर गाजली, आणि मी ती फळ्यावर उतरवली. 'पेटीतून'. सोमवारी साहेब कशाला तरी शाळेत आले आणि व्हरांड्यात उभं राहून त्यांनी आपलंच वाक्य वाचलं.

इथवर सांगणं सोपं होतं. आता थोडी थांबत थांबत सांगते.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते. तीन वर्षं संपत आलेली, कायम होण्याचा कागद संस्थेकडे, म्हणजे साहेबांच्याच टेबलावर. पोरांनाही हे ठाऊक असतं, शाळेत काय लपतं? हेडसर वर्गात आले. नाव कळल्याशिवाय ही पेटी बंद, हा तास बंद, म्हणाले, आणि मॅडमनाही लेखी खुलासा द्यावा लागेल. मी फळ्यापाशी, हातात डस्टर. 'सर, तो प्रश्न माझा आहे' — एवढंच तर वाक्य होतं. जिभेवर आलं होतं का? मला आवडलं असतं हो म्हणायला. आठवतं ते इतकंच की डस्टरमधला खडूचा भुगा माझ्या साडीवर पडत होता आणि मी तो झटकत होते.

दुसऱ्या रांगेतला बाक सरकला. अफसाना उभी राहिली. "मी लिवला, सर."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. "हिचाच का, मॅडम?"

आणि मी म्हणाले, "असेल, सर."

असेल. हाच तो शब्द. धड हो नाही, धड नाही नाही. आतून मला काय वाटलं, तेही सांगून टाकते, कारण तेच सगळ्यात वाईट आहे. मला हायसं वाटलं. ती पोर उभी होती, खोटं बोलून, वर्गासमोर, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

दुसरं कुणी उभं राहिलं असतं तर चार शब्द ऐकून सुटलं असतं. ती उभी राहिली आणि प्रकरणाचा रंगच पालटला. आमच्या देवाबद्दल विचारणारी ही कोण, असं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. हे असं होणार हे 'असेल' म्हणताना मला कळत नव्हतं? कळत होतं. मी गावात नवी होते, बावळट नव्हते.

तिसऱ्या दिवशी रशीदभाईंना बोलावणं आलं. दुकानातून तसेच उठून आले होते, हात ग्रीसनं काळे, खुर्ची खराब होईल म्हणून बसले नाहीत. साहेबांसमोर उभ्या उभ्या हात जोडले. "पोरगी नादान आहे, साहेब. माफ करा. तिचं वरीस नोका खराब करू." साहेब म्हणाले, तोंडी चालणार नाही, लेखी द्या. रशीदभाईंनी ओशाळून सांगितलं की सही येते, अर्ज लिहिता येत नाही. हेडसर माझ्याकडे वळले — मॅडम, तुम्ही लिहून द्या.

लिहून दिला. विश्वास बसत नाही ना? मलाही कधी कधी बसत नाही. माझ्या मुलीने अजाणतेपणी आक्षेपार्ह प्रश्न विचारला, त्याबद्दल मी क्षमाप्रार्थी आहे, पुन्हा असे होणार नाही. ओळी सरळ, समास सोडलेला, शुद्धलेखनाची एक चूक नाही. माझा प्रश्न, माझंच अक्षर, आणि खाली त्या माणसानं रुमालाला हात पुसून सही केली. बाहेर व्हरांड्यात मला थांबवून म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर लय साजरं आहे. तुमचे उपकार झाले." मी काय म्हटलं असेल? म्हटलं, असू द्या.

यवतमाळला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेला अफसाना जाणार होती. दोन महिने मीच तयारी करून घेतली होती. तिचं नाव काढून दुसरं घालायला हेडसरांनी सांगितलं, आणि यादी माझ्याकडे होती, म्हणून तेही मीच केलं. तिनं आपलं भाषण लिहिलेली वही ज्या मुलीला पाठवलं तिला देऊन टाकली. पेटी पुन्हा सुरू झाली, नुसती फळ्यावर प्रश्न लावायची बंदी आली. पुढे मी कायम झाले. पेढे वाटले, अफसानालाही दिला. तिनं खाल्ला.

एवढी वर्षं मी स्वतःला समजावत आले की पोरगी का उभी राहिली कोण जाणे, पोरं करतात कधी असं काही. मोठेपणा मिरवायचा असेल. हे समजावणंही गेल्या महिन्यात संपलं.

स्कूटी बंद पडली म्हणून फाट्यावर रशीदभाईंच्या दुकानात नेली. आता त्यांना चष्मा लागलाय. अफसाना आलेली होती, ती वणीला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. मला बघून उठली, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग रशीदभाई गाडीखाली वाकलेले असताना हळूच म्हणाली, "मॅडम, पेटी आहे का अजून?"

आहे म्हटलं.

"चिठ्ठ्या पोरं टाकते, का अजून तुम्हीच टाकता?" आणि हसली. छान हसली, त्यात टोचणारं काही नव्हतं.

ती सांगत गेली. म्हणे आम्हाला पहिल्यापासून मालूम होतं, साऱ्या वर्गाले. आमच्या चिठ्ठ्या हातानं फाडलेल्या राहत, कडा कुरतडल्यासारख्या. तुमची चिठ्ठी पट्टी लावून फाडलेली राहे, चारी कोपरे सरळ, घडी बरोब्बर मधात. अक्षर कितीही वाकडं काढलं तरी काय, मॅडम, पट्टी काही सुटली नाही तुमची.

छत्तीस पोरं होती त्या वर्गात. छत्तीसही जणांना ठाऊक होतं हेडसर समोर उभे असताना. कुणाची नजर माझ्याकडे वळली नाही. नियम होता ना — प्रश्न कुणाचा ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. तो नियम मी शिकवला होता, आणि पाळला त्यांनी. नीतीचा तास म्हणून वर्षभर मी जे बडबडले, त्यातलं काय कुणाच्या लक्षात राहिलं असेल माहीत नाही. मला मात्र त्या दिवशी छत्तीस जणांनी शिकवलं, आणि मी बारा वर्षं उशिरा शिकले. त्यांची मी आभारी आहे. सगळ्यांची, नावानिशी हजेरी आठवते मला अजून.

"मग तू काहून उभी राहिली गं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी, तेही चहाचा कप हातात धरून.

"तुमचं परमनंट व्हायचं होतं ना," ती म्हणाली. "अन् डबा अब्बूनं घासून देल्ला होता. बंद कसा होऊ द्याचा?" मग तिनं गाडीखालच्या वडिलांकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली घेतला. "त्यायले नोका सांगू, मॅडम. त्यायले वाटते तुम्ही मले वाचवलं."

ती असं म्हणाली. पण तिच्या सांगण्याआड मी लपणार नाही. तिनं म्हटलं नसतं, तरी त्या दिवशी मी बोलले असते का?

कारण लगेचच ती वेळ आली. रशीदभाई हात पुसत उठले. बाकावर एक म्हातारे शेतकरी पंप दुरुस्तीला घेऊन बसले होते. त्यांना रशीदभाई माझ्याकडे हात करून सांगू लागले, "ह्या आमच्या पोरीच्या मॅडम. त्या वक्ती यायनं अर्ज लिहून देल्ला म्हणून पोरगी शिकली. नाही तं काही खरं नव्हतं." त्या अनोळखी म्हाताऱ्यांनी पंप बाजूला ठेवला, उभे राहिले, आणि मला हात जोडले.

अफसाना कपबशा उचलत होती. तिनं मान वर केली नाही.

मी कप खाली ठेवला, हात जोडले आणि तो नमस्कार घेतला. मग स्कूटी सुरू करून घरी आले.