हँडलातली नाडी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते प्रल्हाद दूधवाल्याच्या गाडीचं. सकाळचे दहा वाजले असतील. हँडल सोडवून मी मांडीवर घेतलं होतं. एका टोकाकडून मी वायरी आत सारत होतो आणि मधल्या भोकातून सुमन दोरा ओढत होती. सुमन म्हणजे माझी बायको. अमळनेरात आमच्या गल्लीत तिला सगळे अक्का म्हणायचे. मोटारसायकलचं हँडल म्हणजे वाकवलेली नळी. तिच्या पोटातून दिव्याच्या, हॉर्नच्या वायरी न्यायच्या तर एकानं सारायच्या आणि दुसऱ्यानं ओढायच्या. बत्तीस वर्षं ओढणारा हात तिचाच.

"आयकं का," ती म्हणाली, "काहीतरी अटकी ऱ्हायनं. काढा परत."

"कापूस साफ निंघना ना? मंग काय अटकस? ओढ."

"मन्हा हातले लागी ऱ्हायनं."

"म्हातारी व्हयनी तू. ओढ!"

तिनं ओढलं. वायरी बाहेर आल्या. मी स्विच जोडला, बटण दाबलं, दिवा लागला. मी तिच्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. ती हात झटकत आत गेली.

सुमनचं माहेर धुळ्याकडचं. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. मी चौथी शिकलेलो, त्याचाच मला केवढा तोरा! लग्नानंतर ती घरात परकर शिवायची आणि मी ओट्यावर गाड्यांचं वायरिंग करायचो. माझ्या कामात तिनं बोलावं हे मला खपायचं नाही, आणि न बोलता राहणं तिला जमायचं नाही.

आमच्याकडची माणसं हँडलला काय काय टांगतात! दुधाच्या किटल्या, भाजीच्या पिशव्या, खताची अर्धी गोण. वरून नेलेल्या वायरी त्याखाली घासून तुटतात. एका दूधवाल्याची तीच वायर मी दोन महिन्यांत तीनदा जोडली. तिसऱ्या वेळी सुमन परकराच्या नेफ्यात नाडी घालत दारात उभी होती. म्हणाली, "वायर बाहेर कसाले ठेवतस? नाडी टाकतस तशी मझार टाका ना."

मी हसलो. पण गिऱ्हाईक गेल्यावर गुपचूप भंगारातलं एक हँडल घेतलं आणि वायर आत खुपसू लागलो. वाकणापाशी ती जाऊन बसायची, पुढे हलायची नाही. मी शिव्या घालू लागलो तशी सुमन शिलाईचं मशीन थांबवून आली. दोऱ्याला एक बारीकसा नट बांधला, नळीत सोडला आणि हँडल बाळाला झोका द्यावा तसं हळूहळू कलतं केलं. नट खुळखुळत वाकणातून गेला आणि पलीकडच्या भोकातून टपकन बाहेर पडला. दोऱ्यामागे वायर. "जोर करीसन नाडी जास का कधी?" एवढं बोलून ती परत मशीनवर बसली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या कामाचं नाव 'नाडी टाकणं'. पुढे गिऱ्हाईकंही दारात येऊन म्हणू लागली, "भाऊ, गाडीले नाडी टाकनी शे."

वायरींना तिनं स्वतःची नावं ठेवली होती. पिवळी ती हळद, तपकिरी ती गूळ, काळी ती काजळ. मी रंग चुकायचो. ती कधी चुकली नाही.

एकदा फैजपूरहून एक केळीवाला नवीकोरी गाडी घेऊन आला. सुमन हँडल घेऊन बसलेली पाहून त्यानं मला विचारलं, "भाऊ, मिस्तरी कोण, तुम्ही का ह्या?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मिस्तरी ह्याच शेतस. मी नुसती नाडी टाकस." माझा मान राखला तिनं. मी तो ठेवून घेतला. खरा मिस्तरी कोण, हे मी त्या माणसाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

कापसाची गोष्टही सांगतो, कारण ती माझ्या चुकीची आहे. नळीला भोक पाडलं की त्याच्या आतल्या कडेला धार राहते. ती कानशीनं घासून मोडावी लागते. सुरुवातीला मी घाई करायचो. भडगावच्या एका मास्तरांच्या गाडीची वायर त्या धारेवर हळूहळू सोलत गेली आणि एका संध्याकाळी रस्त्यातच दिवा गेला. मास्तर गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत पडले. हात मोडला. सुमन मला ओढतच त्यांच्या घरी घेऊन गेली. मी मान खाली घालून उभा, आणि ती मास्तरांच्या बायकोला म्हणाली, "चूक आमनी शे, ताई."

परत येताना एसटीत ती एकच वाक्य बोलली. "नाडी तुटनी ते लाज जास, वायर तुटनी ते जीव जास." पुढे चार दिवस अबोला. चारही दिवस भरताला मीठ नव्हतं, आणि मीही ते मागितलं नाही.

त्यानंतर वायरीच्या आधी ती दोऱ्याला कापसाचा बोळा बांधून नळीतून ओढायची. कापसाचा एक तंतू जरी आत अडकला तरी कानस पुन्हा माझ्या हातात. कापूस साफ निघाला तरी वायर ओढताना ती डोळे मिटायची. म्हणायची, "वायरले बी कातडं ऱ्हास. हातले समजस." तिचा हात 'अटकस' म्हणाला की मी वायरी बाहेर काढायचो. दर वेळी कुठेतरी ओरखडा निघायचाच.

प्रल्हादच्या गाडीला मात्र मी ऐकलं नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. कंटाळा आला होता, दुसरं काय!

दुपारी ती भाकरी थापायला बसली. मी ताटावर वाट बघत होतो. थापण्याचा आवाज थांबला म्हणून पाहिलं तर तिचा उजवा हात परातीत तसाच पडलेला. काहीतरी बोलायला गेली, शब्द वाकडा आला आणि ती भिंतीला कलली. शेजारच्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, धुळ्याला हलवू. मग त्यांनी मला विचारलं, "सकाळपासून हाताला मुंग्या, बधिरपणा, असं काही बोलल्या होत्या का?"

मी म्हणालो, "नाही."

धुळ्याची गाडी दाराशी लागायच्या आत ती गेली. लेक सुरतेहून दिवस मावळता पोचली. तिच्यासाठी थांबलो होतो. मग बोरी नदीच्या काठी सगळं उरकलं.

प्रल्हादची गाडी अजून ओट्यापाशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं हँडल सोडवायला घेतलं. लेक धावत आली. "आबा, सुतक शे. आज तरी दुकान उघडू नका."

"दुकान नहीं उघडत. हँडल उघडस. तुन्ही मायनी 'काढा' सांगेल व्हतं."

प्रल्हाद अंधारात दूध घेऊन निघतो. सुमनचा हात 'अटकस' म्हणाला होता, म्हणजे वायर सोललेली असणार. मी हळद, गूळ, काजळ तिन्ही बाहेर ओढल्या, चष्मा लावला आणि उन्हात धरून बोटानं इंच इंच तपासल्या. ओरखडा नाही. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. कापूस ओढला. पांढराशुभ्र बाहेर आला.

मी लेकीला म्हणालो, "तू ओढ." मी वायरी सारत गेलो, ती दोरा ओढत गेली.

"सरळ ई ऱ्हायनी, आबा. काहीच अटकत नहीं."

मी स्विच जोडून दिला, पायात चप्पल घातली आणि दवाखान्यात गेलो. बाकावर पेशंट बसले होते. त्यांच्या शेवटी बसलो. नंबर आल्यावर आत जाऊन उभ्यानंच म्हणालो, "डॉक्टर, काल तुम्ही विचारलं होतं ना? बोलली होती ती. मला वाटलं, वायर अडकतेय."