ओंकारची गाडी आणि बिनझाकणाची किटली

हेल्मेट काढल्यावर ओंकार कसा दिसायचा, सांगा बघू.

न्हाय ना आठवत? गाडीचा नंबर मात्र सगळ्यांना पाठ असंल.

मी ओंकारची आज्जी बोलते आहे, कंग्राळीहून. मला अक्षर येत न्हाय. त्याची बहीण अश्विनी तुमच्या राइडच्या ग्रुपवर टाइप करते आहे. मध्ये मध्ये रडते आहे, म्हणून वेळ लागतोय. मला रडायचं न्हाय. मला आज भांडायचं हाय.

तारखेनं आज त्याला जाऊन वर्ष झालं. तिथीनं श्राद्ध रविवारी.

काल विनायक आलता. ओंकारचा जिवाभावाचा दोस्त.

"आज्जी, रविवारी आम्ही सगळे राइड काढतोय. ओंकारच्या आठवणीत. कॅम्पातनं निघायचं, तवंदी घाटापर्यंत. टी-शर्टपण छापल्यात."

"ज्या घाटात तो गेला, तिथं?"

"व्हय. तिथं हार घालणार."

"जाणार कसं? सावकाश?"

हसला. "आज्जी, त्या गाड्यास्नी सावकाश जमत न्हाय गं."

हेच वाक्य. ओंकारचं हेच वाक्य, तशाच हसऱ्या तोंडानं.

आता ऐका.

गाडी वाईट होती असं मी म्हणणार न्हाय. देखणी होती. इंजिन उघडं, पाइपा उघड्या, पुढं काच न्हाय. अश्विनी म्हणते, असल्या गाडीला 'नेकेड'च म्हणतात. मी ओंकारला म्हटलं होतं, "एवढी महागाची गाडी, आणि अंगावर कापड दिलं न्हाय व्हय रं?"

हसून हसून कट्ट्यावर बसला.

खंडेनवमीला मी तिला आमच्या ट्रॅक्टरशेजारी उभी केली, दोघांना सारखंच कुंकू लावलं. तर म्हणाला, "ट्रॅक्टरजवळ नको गं, फोटो बरा येत न्हाय."

मी बसलेसुद्धा तिच्यावर. कॅम्पात डोळ्याच्या डॉक्टरकडं जायला.

मागची सीट पोळपाटाएवढी, तीपण माळ्यावर ठेवल्यासारखी. धरायला काही न्हाय. पदर कुठं खोवावा कळेना. सिग्नलला थांबली की इंजिनाची धग पोटरीला. ओंकार म्हणाला, हायवेला तर वारा छातीवर बसतो, मान दुखते.

"मग घेतलीस कशाला रं?"

"धर घट्ट. दाखवतो."

मोकळा रस्ता लागला आणि त्यानं तिचा जरासाच कान पिळला. जत्रेतला पाळणा वरनं खाली यावा, तसं झालं. मी मोठ्यानं हसले. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

तेव्हा म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून सुटू नका. मला सगळं कळतंय.

पण तेवढंच. बाकी सगळी वाट ती गाडी हळू गेली. खड्डा आला की आमच्या म्हशीपेक्षा हळू. म्हणजे तिला जमत होतं.

तुम्हाला जमत न्हाय म्हणा.

ही गाडी यायच्या आधी तो बापाच्या जुन्या गाडीवरनं शेतावर आंबील न्यायचा. नाचणीची, ताक घातलेली. हँडलला किटली अडकवायची. किटलीचं झाकण कधीच विहिरीत पडलेलं. तरी एक थेंब सांडला न्हाय.

नवी गाडी आली त्याच आठवड्यात तिच्यावरनं घेऊन गेला. किटली रिकामी, आणि पेट्रोलची टाकी नाचणीनं न्हालेली. बाप उपाशी. हा दात काढत उभा.

आम्हीपण सगळे हसलो.

पुढं एका रविवारी निपाणीला नाष्ट्याला म्हणून तुमच्याबरोबर गेला, तो परत आला न्हाय.

ट्रॅक्टर आडवा आला, असं सगळ्यांना सांगत फिरता. अरे, तो उसाचा ट्रॅक्टर. त्याच्या वाटेनं, त्याच्या चालीनं घाट चढत होता. आमचापण ऊस तसाच जातो. तो आडवा आला, का तुम्ही त्याच्या पाठीत घुसलात?

आणि दवाखान्याच्या दारात त्या ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेलात. त्यानंच ओंकारला उचलून आणलं होतं. त्याचा शर्ट भिजलेला होता. तुमची जॅकेटं कोरी होती.

वर लिहिता काय, तर 'वाघ गेला'. 'किंग'. 'राइड इन पीस'.

वाघ कसला. पाल दिसली की अश्विनीला हाका मारायचा.

ओंक्या, तुझ्यावर तर सगळ्यात जास्त राग हाय. मला मागं बसवून हळू चालवत होतास, तो हात तुझाच होता न्हवं? मग त्या वळणावर कुणाला देऊन टाकलास?

विनायकची आई परवा माझा हात धरून बसली होती. "आज्जी, तुम्ही सांगा. माझं ऐकत न्हाय."

म्हणून सांगते. सगळ्यांसमोर सांगते.

रविवारी राइड न्हाय. घाटात हार न्हाय. ते टी-शर्ट आणून द्या, म्हशीच्या अंगाखाली घालीन.

माझ्याकडं यायचं. त्याच गाड्यांवरनं या, मी नको म्हणत न्हाय. प्रत्येकानं आपापल्या घरनं नाचणीची आंबील आणायची. त्याला तोच नैवेद्य.

मी दारात बसणार, प्रत्येकाच्या किटलीत डोकावणार. भरलेली असंल तो माझ्याशेजारी पंगतीला बसंल. सांडलेली असंल त्यानं चावी माझ्या पदरात टाकायची आणि बसनं घरी जायचं. तुमच्या आयांशी माझं बोलणं झालंय.

ओंक्या, जा बाबा आता. सावकाश जा.

आणि विनायक, आईला सांग, ताक जरा जास्त घाल. ओंकारला पातळ लागायची. किटली गळ्यापर्यंत भरून आण.

झाकण लावू नको.